डाव्या सीटची शिवण

आधीच सांगते, भुताखेतांच्या गोष्टी ऐकताना मला भीती वाटत नाही, झोप येते. सासूबाई अमावास्येला नारळ ओवाळून टाकायला निघाल्या की मी मनात त्याच नारळाची चटणी वाटत असते. या ग्रुपवर आले तीसुद्धा करमणूक म्हणून. दुपारी जेवण झालं की दोन-तीन अनुभव वाचायचे, लिहिणाऱ्याला मनातल्या मनात हसायचं आणि कामाला लागायचं. तेव्हा आता तुम्ही मला हसलात तरी मी तोंड वर करून काही बोलू शकत नाही… फक्त शेवटपर्यंत वाचा.

आम्ही राहतो तुळिंजला आणि आमचा गाळा सातिवलीत. नवरा मशीनवर गाड्यांची सीट कव्हरं शिवतो, मी हाताचं काम करते. खऱ्या लेदरच्या सीटची शिवण उसवली तर सगळं कव्हर उतरवायची गरज नसते, वाकड्या सुईने जागच्या जागी शिवता येते. आधी मी एका बॅगांच्या कारखान्यात होते. तो लॉकडाऊनमध्ये बंद पडला आणि तिथे बसलेला हात इथे कामी आला. सुई जुन्याच भोकांतून घालायची हे पहिलं. नवीन भोकं पाडलीत की लेदर ओळीने फाटत जातं, मग देवसुद्धा शिवू शकत नाही.

टाके घट्ट करण्याआधी मी गिऱ्हाइकाला त्या सीटवर बसवते. रिकाम्या सीटची शिवण मिटलेली असते, काही कळत नाही. माणूस बसला की आतला फोम दबतो, लेदर ओढलं जातं आणि उसवलेल्या जागेचं तोंड उघडतं. मग ताण नेमका कुठे येतो ते दिसतं. तसंच बसवून दोन-तीन टाके सैल घालायचे, मग 'उठा' म्हणायचं आणि उठल्यावर दोरा खेचायचा.

आता बसल्या माणसाच्या खाली सुई चालवायची म्हणजे… तुमच्याकडेही असेल ही रीत. अंगावरचा कपडा शिवायचा तर दोऱ्याचा तुकडा दातात धरायचा. शाळेच्या घाईत शर्टाचं बटण तुटलं की आमची आई आधी तोंडात दोरा कोंबायची, मग सुई लावायची. का, तर अंगावर शिवतात ते मेलेल्याच्या. जिवंत माणसाने दोरा धरायचा, म्हणजे कळतं की हा अजून आहे. माझा विश्वास नाही, पण गिऱ्हाइकाशी तेवढीच गंमत. दोऱ्याचा तुकडा पुढे करते आणि म्हणते, "धरा दातात." मोठमोठे साहेब लोक हसत हसत धरतात. नवरा म्हणतो, तू एक दिवस मार खाशील.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. भरदुपार, रस्त्यावर ऊन, शेजारच्या गाळ्यात पत्रा कापायचं मशीन कोकलत होतं. म्हणजे भीती वाटावी असं काहीही नव्हतं. नीलेश नावाचा एक मुलगा गाडी घेऊन आला. मुलगा म्हणजे पस्तिशीचा असेल. गिरीजचा, घरची केळीची आणि पानवेलीची वाडी, स्वतः मुंबईला नोकरीला. पुढच्या डाव्या सीटची दाराकडची शिवण चांगली वीतभर उसवली होती.

"गाडी विकायचीय ताई. तेवढं नीट दिसलं पाहिजे," म्हणाला आणि समोरच्या टपरीवर चहा सांगायला गेला.

मी डावं दार उघडून खाली पाटावर बसले. या कामात मान खाली असते. डोळ्यांसमोर फक्त ती शिवण, वरचं काही दिसत नाही. दोरा ओवला, मेण लावलं, पहिलं भोक शोधत होते… आणि शिवणीचं तोंड उघडलं. आतला पिवळा फोम दिसायला लागला. मला वाटलं, नीलेश आला आणि ड्रायव्हरच्या बाजूने शिरून इकडे सरकला. बरं झालं, हाक मारायला नको, असंही वाटलं. मी वर न बघताच दोऱ्याचा तुकडा तोडून हात उंच केला. "धरा दातात."

दोरा माझ्या बोटांतून घेतला गेला. हिसकला नाही. हळूच, नीट.

मी टाके घातले. ताण चांगलाच होता, अंगुस्तान लावून सुई रेटावी लागत होती. मग म्हटलं, "उठा आता." शिवण सैल पडली. दोरा खेचला, गाठ मारली, कापला आणि मान वर केली.

सीटवर कुणी नव्हतं. ड्रायव्हरच्या बाजूचं दार बंद. नवरा पाठमोरा मशीनवर. आणि नीलेश हातात चहाचे ग्लास घेऊन रस्ता ओलांडताना मला स्पष्ट दिसत होता.

सीटवर दोऱ्याचा तुकडा पडला होता. उचलला तर एक टोक ओलं, चावून चपटं झालेलं. आणि लाल. विड्याच्या पानाचा असतो तो लाल. आमच्या घरात पान कुणी खात नाही, आणि गाळ्यात तर पान-गुटखा तोंडात असलेल्या माणसाला नवरा दारातच थांबवतो, कारण फिकट लेदरवर तो डाग पडला की जात नाही.

नवऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, "तूच धरला असशील."

"आणि लाल?"

"तेल-बिल लागलं असेल."

"आपल्याकडे लाल तेल कधीपासून यायला लागलं?"

तेवढ्यात नीलेश आला. मी त्याला हसत हसतच सांगितलं. जरा जास्तच मोठ्याने हसले मी, हे मला तेव्हाही कळत होतं. त्याने तो तुकडा हातात घेतला. चहाचे ग्लास बॉनेटवर ठेवले आणि आमच्या स्टुलावर बसला. चेहऱ्यावर रंग म्हणून राहिला नाही.

"ताई, भाऊ याच सीटवर बसले होते."

भाऊ म्हणजे त्याचे वडील. वाडीत राबलेला माणूस, पण म्हातारपणी विसरायला लागले. आधी माणसांची नावं, मग स्वतःचं घर. तीनेक वर्षांपूर्वी नीलेश त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेला. गाडी लावली, भाऊंना आत बसवलं, नंबर लागला का बघायला गेला. परत आला तर डावं दार उघडं आणि सीट रिकामी. कुठे उतरले, कुठल्या रस्त्याला लागले, आजतागायत पत्ता नाही. पोलीस झाले, पोस्टरं झाली, आश्रम पालथे घालून झाले. आता चुलते म्हणत होते, आणखी किती थांबायचं? दर्भाचा पुतळा करून अग्नी देऊन टाकू, त्यांच्याही जिवाला गती मिळेल. शास्त्राप्रमाणे बारा वर्षं वाट बघतात म्हणे, पण एवढं कोण थांबतं? दिवस ठरला होता. त्याआधी गाडी घरातून जावी असं नीलेशला वाटत होतं. ती सीट त्याला बघवत नव्हती.

"भाऊंच्या तोंडात सतत पान असायचं," एवढं बोलून तो उठला. जाताना म्हणाला, "आईच्या कानावर जाऊ देऊ नका." आणि तो दोरा खिशात टाकून घेऊन गेला. माझी गाठ कधी पडणार होती त्याच्या आईशी? पण दोरा शर्टाच्या खिशात राहिला, शर्ट धुवायला गेला आईकडे, आणि तिने विचारल्यावर त्यालाच सगळं सांगावं लागलं.

त्याच आठवड्यात एक बाई रिक्षाने गाळ्यावर आल्या. कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात हिरव्या बांगड्या, वाडीतल्या मातीने भेगाळलेले पाय. फोनवर मुलाला काहीतरी त्यांच्या वाडवळी बोलीत झापत होत्या, माझ्याकडे वळल्या तशा आपल्या मराठीत आल्या.

"ती शिवनारी तूच का, बाय? बस. मला सगलं सांग. एक पन गालू नको."

मी त्यांना काकी म्हटलं, पाणी दिलं आणि सांगितलं. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. मग रुमालाची गाठ सोडून तो दोरा बाहेर काढला.

"तू दिलास, आनि त्यांनी धरला?"

"हो… म्हणजे काकी, मी बघितलं नाही कुणाला."

"पन धरला. दातात." त्या लाल टोकावरून बोट फिरवत म्हणाल्या, "मेलेला कशाला धरील? त्याला काय गरज?"

ही रीत मी हजार वेळा गमतीत सांगितली असेल, पण तिचा असा अर्थ निघेल हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

"आनि पान हाय तोंडात," काकी म्हणाल्या. चेहरा असा उजळला की मला बघवेना. "म्हंजे कोनीतरी देतंय. जो पान देतो तो दोन घास पन देत असेल ना, बाय?"

मी मान हलवली. दुसरं काय करणार? तुम्ही काय केलं असतं?

विधी रद्द झाला. काकींनी भावकीला उभं केलं नाही, गाडीही विकू दिली नाही. मला वाटलं, झालं, आपला संबंध संपला. पण गणपतीनंतर नीलेश एकटाच गाळ्यावर आला. बारीक झाला होता. या वेळी स्टुलावरसुद्धा बसला नाही.

"ताई, आई रोज संध्याकाळी पान लावून ओटीवर ठेवते. दाराला कडी घालू देत नाही. मामाकडे लग्न होतं तर गेली नाही, घरी कुणी नसताना ते आले तर काय, म्हणते. ताप होता, डॉक्टर म्हणाले ॲडमिट करा, तर नाही म्हणाली. मी काय करू सांगा ना. ते गेले असं समजून ती रडली असती तर मी तिला सांभाळलं असतं. आता मी तिला कशाला धरून सावरू?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुम्ही तिला सांगा की ते खोटं होतं. तुमचं ऐकेल ती."

त्याचा मला राग आला नाही. एका माणसाची आई माझ्या एका थट्टेपायी दार उघडं टाकून बसली होती. मी जाते म्हटलं.

रविवारी गिरीजला गेले. केळीच्या बागेतून वाट, पुढे ओटी, ओटीवर काकी नागवेलीच्या पानांच्या जुड्या बांधत बसलेल्या. खरंच बारीक झाल्या होत्या. मला बघून मात्र आनंदल्या, चहा टाकला. मी येताना पाठ करून आले होते तसं धडाधड बोलून टाकलं. की काकी, तो दोरा मीच दातात धरला होता. सकाळी एका ओळखीच्या बाईने आग्रहाने पान दिलं होतं. नंतर घाबरून मी गोष्ट रचली. माफ करा मला.

काकींनी जुडी बांधून पूर्ण केली. बाजूला ठेवली.

"नीलेशने पाठवलं," त्या म्हणाल्या. विचारलं नाही, सांगितलं. "बोल, बोल. त्याच्यासाठी खोटं बोलतेस, मला राग नाय. त्याला पन किती सोसायचं?" मग जरा पुढे सरकल्या. "पन एक सांग. तू उठा म्हनालीस, तवा ते कसे उठले? पटकन?"

एवढा बारीक प्रश्न मला तोवर कुणी विचारला नव्हता. नवऱ्याने नाही, नीलेशने नाही. मी स्वतःलाही नाही. आणि विचारल्याबरोबर माझ्या बोटांना आठवलं. गिऱ्हाईक उठलं की शिवण एकदम सैल पडते. त्या दिवशी तशी पडली नव्हती. आधी दाराकडची बाजू आणखी ताणली गेली होती, कुणीतरी त्या बाजूला हात टेकून जोर लावावा तशी. मग दुसरी बाजू सुटली. मग जरा थांबून ही. मी सुई धरून वाट बघत होते आणि मनात म्हणत होते, उठा की लवकर, किती वेळ.

पाठ करून आलेलं खोटं मला पुढे रेटता आलं नाही.

"हळू उठले, काकी. दाराकडे हात टेकून."

इतका वेळ ती बाई रडली नव्हती. गाळ्यावर नाही, आता नाही. आता मात्र पदर तोंडाला लावून रडायला लागली.

"गुडघे," म्हणाली. "मी तेल लावल्याबिगर उठवत नाय त्यांना. आता कोन लावत असेल, बाय?"

येताना त्यांनी केळ्यांची फणी पिशवीत घातली आणि बांधापर्यंत सोडायला आल्या. नीलेशचे नंतर फोन आले. मी एकदाच उचलला, जमलं नाही एवढं सांगितलं आणि ठेवला.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. नवरा म्हणतो फोम कधी कधी उन्हाने फुगतो. फुगत असेल. लाल डागाचं त्याच्याकडेही उत्तर नाही. कुणाकडे असेल तर कमेंटमध्ये जरूर सांगा, मी मनापासून विचारते आहे, कारण झोप माझीही उडाली आहे. गिऱ्हाइकाला बसवून शिवणं मी बंद केलंय, दोरा कुणापुढे धरत नाही. भाऊ जिवंत आहेत की नाहीत, मला खरंच माहीत नाही. त्यांचे गुडघे दुखतात, एवढंच माहीत आहे.