तिने स्वतःहून सांगितलं

बोथ गावच्या आठवडी बाजारात मी वांगी नेहमी एकाच बाईकडून घेतो. भाजी मांडली की ती डोक्यावर पदर घेते, डोळे मिटते आणि पुटपुटते, "येशू बापा, आज तोंडातून खोटं निघू देऊ नको." मग एवढ्या मोठ्याने हाका घालते की पलीकडची मिरचीवाली हसते.

पूर्वी ती हातभट्टीची दारू विकायची. त्या दारूने गावातल्या एका सुताराचे डोळे गेले. दारू कोणाची होती, हे त्याला कळलंच नव्हतं. तिला मात्र ठाऊक होतं. ती चर्चमध्ये जाऊ लागली तरी कित्येक दिवस त्याला टाळत राहिली.

एका बाजाराला तो काठी टेकत समोरून चालला होता. तिने उठून त्याचा हात धरला आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "भाऊ, तुमचे डोळे माह्या दारूनं गेले."

तो हात सोडवून निघून गेला.

"काऊन सांगितलं, बाई?" मी विचारलं.

"येशूले तं माईतच होतं, मास्तर. तरी त्यानं मले पदरात घेतलं. मंग ह्या माणसापासून कायले लपून राहू?"

महिनाभराने तो आला आणि तिच्यासमोर बसला. "वांगे दे," म्हणाला. "तूच निवडून दे. मले दिसत नाही."

ती एकेक वांगं फिरवून पाहत त्याच्या पिशवीत ठेवत होती. गालांवरून पाणी वाहत होतं, पण तिने तोंड लपवलं नाही. मला पुढे होऊन भाजी मागायचा धीर झाला नाही.