पाचवा नारळ

आमच्या वस्तीत देवीची पालखी कधी आली नाही. पोलादपूरकडच्या आमच्या गावात शिमग्याला ती घरोघरी नाचत जायची. आमच्यासाठी मात्र बांधापाशी थांबायची. आई नारळ दगडावर ठेवून मागे सरायची, मग पालखीचा म्हातारा मानकरी त्यावर पाणी शिंपडून तो उचलायचा. मला याचा आजही संताप येतो, आणि तो लपवायचं काही कारण मला दिसत नाही.

पण माझ्यासाठी नवस बोलला तो याच म्हाताऱ्याने. पाच वर्षांची असताना मी तापाने फणफणले होते. आईला देवळाची पायरी चढायला बंदी, म्हणून तिच्या वतीने तो गेला. पोर वाचली तर पाच शिमगे तिच्या हातचा नारळ देईन, असं देवीला सांगून आला. मी वाचले. चार नारळ दिले. पाचव्या शिमग्याआधी आम्ही दीक्षा घेऊन बौद्ध झालो. घरातले देव आईने स्वतः सावित्री नदीत सोडले.

होळीला आठ दिवस राहिले तेव्हा म्हातारा आमच्या अंगणात आला, जन्मात पहिल्यांदा. आईने घोंगडी टाकली, पण तो उभाच राहिला.

“एकच ऱ्हायलाय गो,” तो म्हणाला. “तेवढा दे. मंग तुझा देव तुला, माझा मला.”

“तात्या, देवीवर माझा राग नाय,” आई म्हणाली. “पन आता तिच्याम्होरं हात जोडनार नाय, पोरीलाबी जोडायला लावनार नाय. दीक्षा घेताना तसा शब्द दिलाय मी.”

मग तिने त्याला बुद्ध सांगितला. वाद घातला नाही, आवाज चढवला नाही. जीव घेऊ नये, चोरी करू नये, खोटं बोलू नये, असं करत नुकतीच शिकलेली पाचही शीलं तिने बोटांवर मोजून सांगितली, पाहुण्याला घरातलं चांगलं ते वाढावं तशी. म्हाताऱ्याने मान खाली घालून सगळं ऐकलं.

“चांगलं हाय,” तो म्हणाला. “पन पोरीला राखनार कोन?”

बुद्ध राखील, एवढं म्हटलं असतं तर तो निर्धास्त घरी गेला असता. पण खोटं बोलू नये हे तिनेच आत्ता सांगितलं होतं.

“तसा राखनारा कोन नाय, तात्या. आपनच एकमेकाला राखायचं.”

त्याचा चेहरा पडला. तो रागावला नव्हता, घाबरला होता. माझ्यासाठी.

शिमग्याला पालखी बांधापाशी आली. ढोल थांबले. खांद्यावर दांडी घेऊन म्हातारा आमच्या दाराकडे बघत राहिला. आई दारात उभी, मी तिच्या शेजारी. तिने मला धरलं नव्हतं. धावत जाऊन नारळ द्यावा असं मला फार वाटलं. देवीला नव्हे, त्याला. मी हलले नाही. बऱ्याच वेळाने पालखी पुढे गेली.

त्यानंतर दिसेन तिथे तो विचारायचा, “बरी हायस ना गो?” मी नुसती शिंकले तरी त्याचा जीव वरखाली. मी चिडायचे.

दिवाळीच्या सुमारास त्याने अंथरूण धरलं. महाडच्या डॉक्टरने हात टेकले. तेव्हा त्याची सून आईला म्हणाली, “मामांजींनी शिमग्यालाच देवीला सांगितलंय, पोरीवरचं काय असंल ते माझ्यावर घे.”

आई तडक त्याच्या घरी गेली, मी तिच्या मागे. तो ओटीवर पडला होता, आम्ही खाली अंगणात. तुम्ही कुणाच्या वाटचं मरत नाही, हे वयाचं दुखणं आहे, एवढंच तिला सांगायचं होतं. तिने तोंड उघडायच्या आधी त्यानेच विचारलं, “पोर बरी हाय?”

“हाय.”

“मंग ऐकलं देवीनं.” तो समाधानाने हसला.

सांगायचं होतं ते न सांगताच आई मागे फिरली. वाटेत तिला रडू फुटलं. चार दिवसांनी तो गेला.

मी पंच्याहत्तरी ओलांडली आहे. धडधाकट आहे, नवसबिवस मानत नाही. पण कुणी सहज “बरी आहेस ना?” म्हणून विचारलं, की माझ्या तोंडून चटकन हो निघत नाही.