नांगरवाल्या हंसाबाईचा बंपर

बंपर म्हणजे गाडीची शोभा, असं तुम्हाला वाटत असेल तर खुशाल वाटू द्या. शहरातल्या गाडीला पुढे चकचकीत पट्टी असते, तिच्यात बघून माणसं भांग पाडतात. आमची जीप तसली नव्हती. १९६५ साली मी तारापूरच्या बाजूला एका ठेकेदाराकडे ड्रायव्हर होतो. वीजकेंद्राचं काम जोरात होतं. मोजणीवाल्यांना घेऊन मी आज नवापूरच्या वाळूत, तर उद्या बोईसरपलीकडे डोंगरातल्या पाड्यांवर. रस्ता? डोंबलाचा रस्ता! बांध, ओढे, कातळ आणि करवंदीच्या जाळ्या. अशा ठिकाणी पुढचा बंपर आधी मार खातो म्हणून मागचा रेडिएटर वाचतो. गाडी रुतली की दोर बांधायची जागाही तिथेच. त्याला शोभा म्हणणाऱ्याला मी एक दिवस माझ्या शेजारी बसवायला तयार होतो.

त्या वर्षी दिवाळीनंतर गवतात दडलेल्या एका दगडाने आमचा बंपर असा दुमडला, की त्याचं टोक चाकाला घासायला लागलं. फोरमन म्हणाला, "मुंबईहून नवा यायला दोन महिने. तोवर गाडी उभी." गाडी उभी म्हणजे मीही उभा, आणि मला रिकामं बसणं जन्मात जमलं नाही. मी तडक नवापूरला हंसाबाईच्या भट्टीवर गेलो.

हंसाबाई बोटींचे नांगर करायची. नवरा होता तोवर तो सांडशी धरायचा आणि ही घण मारायची. तो गेल्यावर गावाने मान हलवली, बाईमाणूस एकटी काय करणार म्हणून. हिने धाकट्या जावेला, मंदाला, भात्यावर बसवलं आणि आठवड्यात नांगर उभा केला. नवापुरात नांगर पारखायची रीत होती. ओहोटीला तो वाळूत टाकायचा आणि चार गड्यांनी दोर धरून ओढायचा. तीन पावलांच्या आत त्याने दात रोवले तर नारळ फोडून बोटीवर न्यायचा, नाहीतर परत भट्टीत. हंसाबाईचा पहिला नांगर दीड पावलात रुतला. तेव्हापासून गावातला प्रत्येक तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, तिच्याच दारात यायचा.

मी बंपरचं सांगितलं तशी ती म्हणाली, "त्यात काय हाय? लोखंडच ना? चार दिसांनी ये."

चार दिवसांनी बघतो तर काय, गाडीपेक्षा रुंद, मांडीएवढा जाड बंपर, आणि दोन्ही टोकं खाली वळवून दातासारखी धारदार केलेली! मी विचारलं, "हंसाबाय, हे दात कशाला?"

"लोखंडानं धरून ठेवाया पायजे, डायवर. न धरनारं लोखंड काय कामाचं?"

मला तेव्हाच बोलायला हवं होतं. पण तिच्या हातात घण होता, आणि खरं सांगायचं तर मीही भारावलो होतो. बंपर बसवला. अख्खं गाव किनाऱ्यावर बघायला आलं, फोरमनही आला. मी ऐटीत निघालो आणि पहिल्याच वाळूच्या उंचवट्यावर, चाकं चढायच्या आधी, त्या दातांनी जमीन धरली. जीप नाकावर उभी राहिली, माझं कपाळ काचेवर आपटलं. पोरंबाळं हसून हसून लोळली. फोरमन म्हणाला, "शाब्बास! जीपला नांगर लावलाय."

हसण्यावर भागलं असतं तर बरं झालं असतं. महादू तांडेलने त्याच भट्टीवर नवा नांगर सांगितला होता. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "हंसाबाय, तुजा हात बिगडला. मी नांगर दुसरीकडना आनतो." तो गेला तसे आणखी दोन तांडेल गेले. संध्याकाळी भट्टीत राख होती आणि मंदा भाता झाकून ठेवत होती. मला स्वतःचीच लाज वाटली. बाईची जन्मभराची पत मी एका सकाळीत घालवली होती.

दुसऱ्या दिवशी गेलो तर ती ओरडली, "तोंड पाडून उबा नको राहू! गाडी आन हिकडं." मग ती पदर खोचून सरळ जीपखाली सरपटत गेली. चासीचे, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचे, दोन लांब दांडे तिने हाताने चाचपले. बाहेर आली ती मोडका जुना बंपर उलटापालटा करत बसली. त्याच्या पोटात लाकूड भरलेलं होतं, ते तिने नखाने खरवडून पाहिलं. तेवढ्यात किनाऱ्यावर एक बोट वर ओढत होते. बोटीच्या नाळेला, म्हणजे पुढल्या टोकाला, खालच्या अंगाला दोर बांधलेला होता. गडी ओढत तशी नाळ उचलली जायची आणि वाळूवर चढायची. हंसाबाई बराच वेळ बघत राहिली, मग स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला.

"मी येडी! नांगर कराया बसली. पुढं जानाऱ्याला नाळ पायजे, डायवर, नाळ!"

दुसरा बंपर तिने पाच दिवस घडवला. आखूड, म्हणजे चढावर आधी चाकं टेकतील. टोकं वर वळवलेली, म्हणजे वाळूत घुसणार नाहीत. पोटात जुन्या बोटीचं बाभळीचं लाकूड, म्हणजे धक्का सोसेल. आणि दोराचे दोन आकडे बंपरवर नाही, थेट चासीच्या दांड्यांना लाल तापलेल्या खिळ्यांनी ठोकून बसवले. तिचा घण बसला की माझ्या पायाखालची जमीन हलायची. दिसायलाही काय देखणा झाला होता! मी दिवसातून चारदा त्यावरून फडकं फिरवायचो. फोरमनने मात्र तोंड वाकडं केलं. "बघू," एवढंच म्हणाला.

ते बघणं तिसऱ्याच दिवशी आलं. सकाळी फोरमनला घेऊन मी किनाऱ्याने चाललो होतो, तर पुढे ही गर्दी. महादूची बोट खाडीच्या तोंडाशी उभी केलेली होती. वारा उठला, दुसरीकडून आणलेला नांगर तळाला फरफटत आला आणि बोट खडकांजवळ वाळूत येऊन टेकली. भरती लागली होती. एकेक लाट तिला खडकाकडे ढकलत होती. तीस माणसं दोर ओढत होती, बोट हलत नव्हती. महादू कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून लहान पोरासारखा रडत होता. ती बोट म्हणजे त्याचं सगळं घर होतं.

मी जीप बोटीकडे तोंड करून उभी केली आणि दोर पुढच्या आकड्यांत घातला. फोरमन किंचाळला, "अरे, बंपर उपटून येईल!"

गर्दीतून हंसाबाई पुढे आली. "येऊंदे उपटून! मंग मी घणाला हात लावनार नाय. ओढ तू, डायवर!"

मी रिव्हर्स गिअर टाकला. बंपर जागचा हलला नाही, पण ओल्या वाळूत चाकंच घसरायला लागली. बोट मला पाण्याकडे ओढू लागली. हंसाबाईने एकदा चाकांकडे पाहिलं आणि धावत सुटली. परत आली ती मंदा आणि ती, दोघींच्या खांद्यावर तो पहिला बंपर, दातांचा, गाव ज्याला हसलं होतं तो! साखळीने तो जीपच्या मागे बांधला, दात वाळूत रोवले आणि त्यावर स्वतः उभी राहिली.

जीप जागच्या जागी थांबली. लाट आली की बोट हलकी व्हायची, मी हातभर मागे यायचो, आणि चार गडी तो दातांचा बंपर हातभर मागे नेऊन पुन्हा रोवायचे. हातभर, पुन्हा हातभर. शेवटची ओढ बसली तेव्हा बोट खडक सोडून सपाट वाळूवर चढली आणि किनाऱ्यावर असा कल्ला झाला की नवापूरलाच काय, तारापूरलाही ऐकू गेला असेल. मी स्टिअरिंगवर डोकं टेकवून मोकळा रडलो. काय चोरी आहे?

खाली उतरून बंपर पाहिला. कुठे वाक नाही, आकडे तसेच. मागचा दातांचा बंपर मात्र शेवटच्या ओढीने इतका खोल रुतला होता, की चार गड्यांनी ओढला तरी निघेना. शेवटी फावड्याने उकरून काढावा लागला.

फोरमनने आपली टोपी काढली. "बाई, वर्कशॉपात अजून दोन जीप आहेत. त्यांनाही असलेच बंपर करून द्या."

मग महादू आला, अंगावरून पाणी निथळत होतं. त्याने कोणाकडून तरी नारळ मागून घेतला, तो उकरून काढलेल्या लोखंडावर फोडला आणि हात जोडले. "हंसाबाय, चुकलो मी. माजा नांगर तूच कर."

हंसाबाईने डोळे पुसले, पदर खोचला आणि भट्टीकडे वळली.

"करीन की. पन आदी फोरमनचे दोन बंपर. तुजा नंबर तिसरा."