बडग्याचा शर्ट
इस्त्रीखाली सुती कापड करपलं की त्या वासानं मला तो शर्ट आठवतो. मिलचा संप लांबला होता आणि आमच्या चाळीतला शेजारी, पोरगी तापानं पडली म्हणून, गुपचूप कामावर जायला लागला होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गावाची इडापिडा बाहेर नेणारी मारबतीची मिरवणूक. त्यात लोकांच्या रागातल्या माणसाचा पुतळा, म्हणजे बडग्या, जाळतात; यंदा तो त्याचाच, असं आम्ही संपवाल्यांनी ठरवलं. गवताचा पुतळा झाला, पण तो कोणाचा हे लोकांना कळावं म्हणून मी शेजाऱ्याच्या कपडे वाळवायच्या दोरीवरून त्याचा निळ्या पट्ट्यांचा शर्ट ओढून आणला. एरवी मी कुणाचा पेरूही न विचारता तोडला नसता. त्या दिवशी चोरी केल्यासारखं वाटलंच नाही. ‘घेऊन जाय गे मारबत’ ओरडत आम्ही त्याच्या दारावरून पुतळा नेला, तेव्हा नवरा-बायको दोघं उंबऱ्यात उभे होते, आणि त्यांनी शर्ट ओळखला याचा मला मनापासून आनंद झाला. माझा सख्खा भाऊही मागच्या गेटनं कामावर जात होता, पण त्याच्या घरची अडचण वेगळी, असं म्हणून आम्ही तो विषय काढला नव्हता. संप मिटल्यावर शेजारी घडी केलेला पायजमा घेऊन माझ्याकडे आला. ‘त्या शर्टाखालचा हाय गा,’ तो शांतपणे म्हणाला, ‘पुढच्या साली तुह्या भावाचा बडग्या करशीन, तवा कामी येईन.’ तो पायजमा अजून माझ्या पेटीत आहे. भावाशी भांडण झालं की मी तो बाहेर काढतो.