बोटभर जागा

पेणच्या स्केटिंगच्या सिमेंट कोर्टवर ती मुलगी मला एकदाच भेटली. विशीतली असेल; रोह्याहून सकाळच्या एसटीने सरावाला आली होती. माझी लेक शर्यतीच्या स्केट्सवर उभी राहिली, की तिचे घोटे आत वळायचे आणि ती पडायची. पुन्हा पडल्यावर ती रडत म्हणाली, "बाबा, मला नाही जमणार. घरी चला."

ती अनोळखी मुलगी आपणहून आली, लेकीपुढे मांडी घालून बसली आणि तिने लेकीच्या टाचेमागे बुटात बोट सरकवलं. ते आरामात आत गेलं.

"एक नंबर मोठा घेतलाय," मी म्हणालो. "वाढतं पाऊल आहे ना."

"काका, हा बूट पुढच्या वर्षीच्या पोरीचा हाय. पडतेय ती ह्या वर्षीची."

मग तिने स्वतःच्या पायातल्या स्केट्सच्या नाड्या ओढून काढल्या, लेकीच्या हातात दिल्या आणि निघाली. गुडघे वाकवून, वळणावर एका पायावर कलत तिने अख्खी फेरी मारली. नाड्या नसूनही बुटातली टाच तसूभरही उचलली गेली नाही. बूट पायात घातलाय की पायालाच उगवलाय, कळेना. लेक रडायचं विसरली.

"अंगठा पुढं टेकला पायजे, पण दुमडायला नाय पायजे," ती लेकीकडून नाड्या घेत तिला म्हणाली. "तसाच बूट घे."

संध्याकाळी नव्या बुटाच्या मापासाठी लेकीचं पाऊल कागदावर ठेवून मी भोवती पेन्सिल फिरवली. हात सवयीने बोटभर पुढे गेला. ती रेघ खोडून मी अंगठ्याला लागून दुसरी काढली.