सावळघाटापलीकडे सुनंदाचा आवाज

यशवंतचा फोन पेठच्या एसटीडी बूथवरून आला. सुनंदाला जाऊन वर्ष होत होतं, रविवारी स्मरणाची उपासना ठेवली होती, ती मी चालवावी असं त्याचं म्हणणं. मी हो म्हटलं.

सुनंदा माझी नर्सिंगच्या हॉस्टेलातली मैत्रीण. तिचं माहेर पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर. पुढे तिथल्याच यशवंतशी लग्न झालं. तो त्या भागातल्या एका लहान ख्रिस्ती मंडळीचा पाळक. यशवंत प्रार्थना करायचा, वचन सांगायचा, पण गाण्यात त्याचा सूर कधी लागला नाही. गाणं सगळं सुनंदाकडे. मी नाशिकातच राहिले, आठवडाभर दवाखाना आणि रविवारी आमच्या चर्चमध्ये कीबोर्डवर उपासना.

आजारपणात ती उपचारांना यायची तेव्हा नाशिकच्या द्वारका चौकाजवळ माझ्याच घरी उतरायची. एका दुपारी माझ्या कॉटवर बसून तिने उपासनेतली सगळी गीतं म्हटली आणि मी ती टेपरेकॉर्डरवर भरून घेतली. मागून ट्रकांचे हॉर्न वाजत होते. मध्ये खोकला आला की थांबायची, पाणी प्यायची, पुन्हा त्याच ओळीपासून सुरू करायची. मी नसले तर त्यांना सूर कोण देणार, म्हणाली. ती गेल्यावर दर रविवारी ती कॅसेट लागायची आणि मंडळी तिच्यामागून गायची.

शनिवारी सकाळी निघाले. २००६ चा फेब्रुवारी, थंडी उतरणीला लागलेली. कुणाला जायचं असेल तर सांगते, स्टँडवरून पेठची एसटी सकाळची धरावी, दुपारच्या गाडीत उभं राहावं लागतं. चादरीत गुंडाळलेला कीबोर्ड कंडक्टरने आधी टपावर ठेवायला सांगितला, मग माझा चेहरा बघून मागच्या सीटवर आडवा टाकू दिला. रामशेज किल्ला मागे पडला की द्राक्षबागा संपतात. सावळघाटात वळणं फार. मळमळत असेल तर पुढच्या बाजूला खिडकी पकडा. सागाची पानं झडलेली, उतारांवर भाताच्या रोपांसाठी राब जाळलेले, सगळ्या घाटात धुराचा वास. एरवी मला तो आवडतो. त्या दिवशी मात्र हाच रस्ता सुनंदा दुखणं घेऊन कसा उतरत असेल, एवढंच डोक्यात होतं.

करंजाळीला उतरून चहा-भजी घेतली. दहा रुपयांत पोट भरलं. तिथून पुढे जीप. ती भरल्याशिवाय हलत नाही, तेव्हा घाई घरी ठेवून या. शेजारची बाई दिंडोरीहून द्राक्षाच्या कामावरून आली होती. उपासनेसाठी आलेय कळल्यावर तिने फक्त मान हलवली. माझ्या हातावर हात ठेवला आणि उतरेपर्यंत तसाच राहू दिला. तिचं नाव काशी.

यशवंतने नागलीची भाकरी, उडदाची आमटी आणि खुरासणीची चटणी केली होती. स्वतः शिकलाय, म्हणाला. घर स्वच्छ होतं, सुनंदाची चप्पल अजून दाराशी होती.

रविवारी चर्च निम्मंच भरलं. बाकीचे द्राक्षाच्या कामाला खाली गेलेले. चर्च म्हणजे पत्र्याचं छप्पर आणि शेणाने सारवलेली जमीन. बाहेरच्या ओट्यावर भिंतीला टेकून एक म्हातारी बसली होती. ती सुनंदाची आई, सोमीबाई. तिने धर्म बदलला नव्हता, घरी धान्यदेवता कणसरीचीच पूजा. आत कधी आली नाही, पण कॅसेट लागायला लागल्यापासून एकही रविवार चुकवला नव्हता, असं यशवंतने सांगितलं.

भारनियमनाची वेळ त्याने वायरमनला विचारून ठेवली होती. तरी पहिल्याच गीताच्या मध्यावर वीज गेली. कीबोर्ड गप्प, माईक गप्प. यशवंतने टेपरेकॉर्डरमध्ये सेल टाकले आणि कॅसेट लावली.

सुनंदाचा आवाज आला. मागे द्वारकेचे हॉर्न. लोक डोळे मिटून तिच्यामागून गाऊ लागले. दारातून मला सोमीबाई दिसत होती. ती गात नव्हती, कान भिंतीला लावून बसली होती.

दुसऱ्या गीताला आवाज जड व्हायला लागला. मग पुरुषासारखा झाला, मग नुसती घरघर, आणि थांबला. यशवंतने झाकण उघडलं. फीत आत गुंडाळली गेली होती. त्याने हळूहळू ओढली, तरी तुटली. तपकिरी फितीचं टोक हातात धरून तो तसाच उभा राहिला.

उपासना चालवायला मी आले होते. मी उभी राहून पुढची ओळ सुरू केली, ती फार वर लागली आणि अर्ध्यावर फाटली. शहरात शब्द पडद्यावर असतात, पुढचं कडवंही आठवेना.

समोर काशी बसली होती. "बाई, खालून घे," ती म्हणाली. "सुनंदा खालून उचलायची."

मी खालून घेतलं. काशीने शब्द दिले, बायकांनी उचलले, मग पुरुषांनी. त्यानंतर एकही गीत अडलं नाही. आवाज वाढत गेला, पत्रा घुमायला लागला. यशवंत सुरात नव्हता, पण गात होता आणि रडत होता. मीही रडत होते. मधेच दाराकडे पाहिलं तर ओटा रिकामा.

दुपारी आम्ही सोमीबाईकडे गेलो. ती सुपात उडीद निवडत होती. यशवंतने सांगितलं, नाशिकला नेऊन कॅसेट जोडून आणू. तिने त्याचं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"तूच भरला ना तिचा आवाज?"

मी हो म्हटलं.

"मग परत भर."

तिने सूप खाली ठेवलं, आम्हाला पाणी दिलं. "तुमचा देव मला नाय कळत," ती म्हणाली. "मी पोर ऐकाया यायची."

परतीच्या गाडीत मला बसायला जागा मिळाली, बाकी काही आठवत नाही.

द्वारकेच्या एका दुरुस्तीवाल्याने फीत जोडून दिली. दुसऱ्या गीतातला थोडा भाग गेला, तिथे आवाज उडी मारतो. कॅसेट मी पेठच्या गाडीने पाठवली. काही आठवड्यांनी यशवंतचा फोन आला. मंडळी आता कॅसेट लावत नाही, स्वतःच गाते, काशी सूर देते. सोमीबाईच्या घरी तो टेप घेऊन गेला होता. आवाज उडी मारतो तिथे तिने यंत्रावर हात ठेवला आणि बंद करायला सांगितलं. पुन्हा लाव म्हणाली नाही. रविवारी ती आता येत नाही.

आमच्या चर्चमध्ये मी ही साक्ष दिली. वीज गेली आणि लोक गायला लागले, इथे सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी तिथेच थांबले. ओट्याचं सांगितलं नाही. तेही खरं होतं, म्हणून इथे लिहिते आहे.

त्यानंतर मी तिकडे जमेल तेव्हा जाते. कीबोर्ड नेत नाही. उपासना झाली की सोमीबाईकडे बसते आणि हॉस्टेलातल्या गोष्टी सांगते. मेसची भाजी सुनंदाला कशी आवडायची नाही, परीक्षेच्या आदल्या दिवशी ती कशी हसत सुटायची. सोमीबाई हातातलं काम थांबवून ऐकते. गोष्ट संपली की विचारते, "अजून काय बोलायची ती?" दर खेपेला माझ्याकडे सांगायला थोडं कमी उरलेलं असतं.