जगदाळे सरांचा पवित्रा

जगदाळे सर माझ्याशी पहिलं वाक्य बोलले ते असं : "छत्री खाली करा आधी, मग आत या." मी सातिवलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्याच्या दारात उभी होते. शाळेतल्या चार मुली माझ्यामागे होत्या आणि मिटलेल्या छत्रीचं टोक बोलता बोलता त्यांच्या दिशेने झालं होतं. मी भूगोल शिकवते. वर्गात नकाशा दाखवण्यासाठी काठी सतत हातात असते, त्यामुळे हातातली वस्तू कुणावर रोखली जाते आहे याचं मला भानच नसे. सरांना ते सहन होत नसे. छत्री, झाडू, पट्टी, पडद्याची दांडी, लांबट असं काहीही माणसाकडे तोंड करून धरलेलं दिसलं की ते हातातलं काम टाकून येत आणि ती वस्तू स्वतःच्या हाताने जमिनीकडे वळवत. एका लग्नात त्यांनी नवरदेवाच्या हातातली तलवार अशी खाली करायला लावली आणि वरपक्षाचा रोष ओढवून घेतला, असं त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, मला पुढे सांगितलं.

सर साताऱ्याकडचे. सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि मुलाच्या नोकरीमुळे विरारला फ्लॅट घेऊन राहिले. सातिवलीचा तो गाळा विकासशेठ नावाच्या माणसाचा. तिथे त्याने एअर रायफलची रेंज काढली होती आणि सरांना शिकवायला ठेवलं होतं. एका बाजूला प्लॅस्टिकच्या बादल्यांचं युनिट, दुसऱ्या बाजूला पुठ्ठ्याची खोकी. दिवसभर मशिनचा धडधडाट चाले. आमच्या शाळेने नेमबाजीला मुली पाठवायचं ठरवलं तेव्हा सोबत जायला कोणीच तयार नव्हतं, म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. मी बाकावर बसून वह्या तपासायची. एक दिवस सर म्हणाले, "टीचर, बसून कंबर दुखायला लागंल. हुभं राहून दुखवा की." अशी मीही चाळिशी ओलांडल्यावर नेमबाजी शिकायला लागले.

रायफल मात्र ते लवकर हातात देत नसत. आधी रिकाम्या हातांनी उभं राहायचं. डावा खांदा निशाणाकडे, दोन्ही पाय खांद्यांइतके फाकवलेले, गुडघे सरळ, कंबर निशाणाच्या बाजूला ढकललेली, पाठ किंचित मागे, आणि डावं कोपर थेट कमरेच्या हाडावर टेकलेलं. पहिल्यांदा बघणाऱ्याला हसू येईल असा तो अवतार असतो. "मांस थकतं, हाड थकत न्हाई," सर सांगत. "रायफलचं वजन मांसावर घ्याल तर दहाव्या मिनिटाला थरथराल. हाडावर टाका आन् इसरून जावा." मग रायफल देऊन डोळे मिटायला लावत. दोन श्वास घेऊन डोळे उघडले की रायफल जिथे रोखलेली असेल तो तुमचा खरा नेम. ती निशाणाच्या बाजूला गेलेली असली की सगळेजण हळूच हाताने सरकवतात. सर लगेच ओरडत, "हात वळवून लबाडी न्हाई करायची! पाय चुकलाय तुमचा. पाय हलवा."

माझ्या चार मुलींपैकी एक अर्नाळ्याची. तिची आई एकदा तणतणत गाळ्यात आली. पोरगी घरी आरशासमोर तशी वाकून उभी असते, हे तिने पाहिलं होतं. "सर, माज्या पोरीची कंबर वाकडी झाली तर तिला कोन करील? डोक्यावर पाटी घेऊन चालेल का ती मग?" सर तिला म्हणाले, "ताई, पाण्याची कळशी कुठं घेता?" "कमरेवर. अजून कुटं घेनार?" "हातानं उचलून का न्हाई धरत?"  बाईने रिकाम्या हाताने कळशी कमरेवर घेतल्यासारखं केलं, लेकीकडे पाहिलं, आणि मोठ्याने हसली. "हे तं आमाला जन्मापास्ना येतं. याचे धडे देता तुमी?" सर इतके खूश झाले की त्या दिवसापासून नव्या मुलांना ते कळशी घ्यायलाच सांगू लागले.

मुलांचा दुसरा प्रश्न ठरलेला असे. सर, सैन्यात पण असंच उभं राहतात का? सर मान हलवत. "तिकडं असा हुभा राहिलो असतो तर घरी पेटीच आली असती. हितं समोर कागद हाय. कागद पळत न्हाई, उलटा मारत न्हाई. म्हणून निवांत वाकडं हुभं राहायचं." तिकडचं उभं राहणं कसं असतं, हे विचारलं की म्हणत, "ते इसरायला हितं येतो मी." आणि विषय संपत असे.

हे ते खरंच म्हणत होते. मला काकूंनी सांगितलं होतं. निवृत्तीनंतर पहिली वर्षं त्यांना नीट झोप नव्हती, जेवणावर लक्ष नव्हतं, दारावरची बेल वाजली की ते भिंतीला पाठ लावून उभे राहत. रेंज सुरू झाली आणि माणूस हळूहळू निवला. "टीचर, त्या गाळ्यातनं घरी आले की चार घास नीट खात्यात. मला बाकी काय नको," असं काकू म्हणायच्या. म्हणजे विकासशेठला तो गाळा धंद्याचा होता आणि सरांना जगण्याचा. हे शेठला माहीत होतं. मी स्वतः त्याला सांगितलं होतं. म्हणून तर माझा राग जात नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

झालं असं की शेठला मोबाइलवर कसले कसले व्हिडिओ दिसू लागले. काळे चष्मे, ठिपक्याठिपक्यांचे कपडे, बंदूक छातीशी धरून पळणारी माणसं. एके दिवशी तो गाळ्यात येऊन म्हणाला, "सर, आपण आता संडेला कॉम्बॅट बॅच काढू. तुम्ही तर रियल फौजी. मुलांना काहीतरी खरं शिकवा ना. हे काय बायकांसारखं कंबर काढून उभं राहायचं." सर शांतपणे छर्ऱ्यांचा डबा बंद करत होते. म्हणाले, "शेठ, ते खरं पोरांसाठी न्हाई." शेठ म्हणाला, "अहो, एअर रायफल तर आहे, कोण मरतंय?" सर म्हणाले, "बंदुकीचं न्हाई वो. हुभं राहण्याचं बोलतोय मी."

मला वाटलं होतं पालक सरांच्या बाजूने उभे राहतील. कसचं काय! "दिवस कसे आलेत बघताय ना टीचर, मुलांना हेही आलं पाहिजे," असं मला नालासोपाऱ्याच्या एका बँकेत काम करणाऱ्या गृहस्थाने समजावलं. कसे दिवस आलेत? तुमचा नऊ वर्षांचा मुलगा छर्ऱ्याची बंदूक घेऊन गुडघे वाकवून कोणावर जाणार आहे? दूधवाल्यावर? समोरच्या बिल्डिंगमधल्या भाडेकरूवर? मी हे त्यांना असंच विचारलं. ते म्हणाले, "तुम्ही फार पर्सनल घेता." घेतेच. मुलाला कोणासमोर कसं उभं राहायला शिकवायचं, यापेक्षा पर्सनल जगात दुसरं काय असतं?

सव्वीस जानेवारीला सकाळी गाळ्यात झेंडावंदन होतं. खुर्च्या मांडल्या होत्या, पालक आले होते, मुलांना चॉकलेटं वाटून झाली होती. शेठने माइक घेतला आणि सरांना एका शब्दाने न विचारता जाहीर केलं, "आता आपले सुभेदारसाहेब आपल्याला खरी बॉर्डरवरची पोझिशन करून दाखवतील!" टाळ्या झाल्या. मोबाइल वर झाले. शेठने रायफल सरांच्या हातात दिली.

सरांनी ती घेतली, बोल्ट उघडून आत छर्रा नाही हे पाहिलं, आणि नळी भिंतीकडे करून टेबलावर ठेवली. मला वाटलं, संपलं, हे आता निघून जाणार. पण ते खुर्च्यांच्या समोर मोकळ्या जागेत येऊन उभे राहिले. तोंड आमच्याकडे. मग एक पाय पुढे आला, गुडघे वाकले, छाती समोर झाली, वजन पुढच्या पायावर गेलं, आणि रिकामे हात वर आले, जणू त्यांत रायफल आहे. दोन्ही डोळे उघडे. ते डोळे मी तोवर कधी पाहिले नव्हते. ते एका माणसावरून दुसऱ्या माणसावर, तिथून तिसऱ्यावर सरकत होते, आणि ज्याच्यावर येत तो हसायचा थांबे. एका बाईने शेजारच्या खुर्चीवरची मुलगी ओढून मांडीवर घेतली. शेवटी डोळे शेठवर थांबले. शेठ मागे सरकला, माइकच्या वायरीत त्याचा पाय अडकला आणि तो टेबलावर आदळला.

सर ताठ उभे राहिले. त्यांचा श्वास जोरात चालला होता. "माझ्या हातात काय होतं?" त्यांनी विचारलं.  "काय न्हाई. तरी शेठ मागं सरले. ताईंनी लेकरू उचललं. बराबर केलं त्यांनी. असं हुभं राहिलं की समोर माणूस लागतो, कागदावर भागत न्हाई. मी ज्याच्या म्होरं असा हुभा राहिलो, त्याचं तोंड मला अजून दिसतं. जेवताना दिसतं. कागदाला तोंड नसतं, म्हणून मी हितं येतो. आन् हे तुमी मला तुमच्या पोरांना शिकवा म्हणता?"

आणि मग काय झालं सांगू? मागून कोणीतरी टाळी वाजवली. कडक, सर, एकदम कडक, असंही कोणी म्हणालं. मी वळून पाहिलं तर तोच बँकेतला गृहस्थ मोबाइल वर धरून उभा. त्याला एक अक्षर ऐकू आलं नव्हतं. मी त्याच्या हातातला मोबाइल खाली ओढला आणि आमचं तिथेच भांडण झालं. माझ्या मुख्याध्यापिकेपर्यंत तक्रार गेली. गेली तर गेली.

पुढच्या आठवड्यात गाळ्याला नवं कुलूप होतं. शेठने सरांना फोनवर सांगितलं, "तुम्ही जरा आराम करा." रविवारी काळ्या टी-शर्टातला, कुठल्याशा जिममधला एक तरुण मुलांना गुडघे वाकवायला शिकवू लागला. मी माझ्या मुली काढून घेतल्या. अर्नाळ्याच्या बाईनेही पोरीला पाठवलं नाही. बाकीचे सगळे राहिले. मी दुसरी जागा शोधत फिरले. आगाशीला एका ओळखीच्यांनी वाडीतली शेड देऊ केली आणि मी धावत विरारला सरांकडे गेले. सर हो म्हणाले, हसलेही, पण बोलताना ते भिंतीला पाठ लावून बसले होते. काकूंनी मला जिन्यापर्यंत सोडताना सांगितलं, "पुन्हा बेल वाजली की उठून उभे राहत्यात. ताट तसंच राहतं." शेडचं छप्पर घालून होईपर्यंत सर राहिले नाहीत. डॉक्टरांनी हृदय म्हणून सांगितलं. डॉक्टरांशी माझं भांडण नाही, पण मला कोणी विचारलं तर मी गाळा म्हणून सांगेन.

शोकसभा शेठने ठेवली, त्याच गाळ्यात. मी जाणार नव्हते. काकूंचा फोन आला, "मला एकटीला जायचं न्हाई, टीचर." म्हणून गेले. शटरवर, चांगला दोन माणसांच्या उंचीचा, फलक लावला होता. त्यावर सर होते. गुडघे वाकलेले, छाती समोर, दोन्ही डोळे उघडे. झेंडावंदनाच्या व्हिडिओतलं चित्र कापून घेतलं होतं, आणि त्या रिकाम्या हातांत कॉम्प्युटरवर एक काळी कुळकुळीत बंदूक बसवली होती. ती रोखलेली होती रस्त्यावरून येणाऱ्या माणसांवर. खाली मोठ्या अक्षरांत : सुभेदारसाहेबांचं स्वप्न, कॉम्बॅट बॅच, प्रवेश सुरू.

माझं डोकंच फिरलं. आत जाऊन पुठ्ठे कापायचा चाकू उचलला आणि फलकाकडे निघाले. शेठ "टीचर, टीचर, ऐका तरी" करत मागे आला. मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. चाकू कापडाला लावणार तेवढ्यात काकूंनी माझं मनगट धरलं.

"फाडू नका. तोंड त्यांचं हाय."

मला रडू आलं ते तिथे, आणि तेही रागानेच. काकू मात्र रडल्या नाहीत. त्या शेठकडे वळल्या आणि साध्या आवाजात म्हणाल्या, "शिडी आणा. तुमी लावलाय, तुमीच काढा. कुठं फाटता कामा नये."

शेठने आधी पोऱ्याला हाक मारली. काकू म्हणाल्या, "तुमी." पालक खुर्च्या सोडून बाहेर आले होते. बादल्यांच्या युनिटमधली माणसंही दारात उभी होती. शेठ आपल्या पांढऱ्या कपड्यांत शिडीवर चढला आणि एकेक दोरी सोडायला लागला. गाळ्यापुढचा रस्ता उखडलेला, त्यामुळे शिडी डुगडुगत होती. वर गेल्यावर त्याने एकदा खाली पाहिलं, शिडी कोणीतरी धरेल म्हणून. दोघे पालक पुढे झाले, काकूंकडे बघितलं आणि जागेवर थांबले.

मी सगळ्यांत जवळ होते. मी शिडी धरली नाही.